दसऱ्याला टाके, भाऊबीजेला मफलर

भुसावळ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? केळी, रेल्वे आणि ऊन! मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर गेला की भुसावळच्या उन्हाची बातमी साऱ्या महाराष्ट्रात होते. अशा गावात लोकर आणि सुयांच्या गोष्टी कोण करतं, असं तुम्ही म्हणाल. पण भुसावळच्या मुलांना विचारून पाहा. दिवाळीत पहाटेच्या अंघोळीला उठताना अंगावर शहारे येतात. आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत, शेतात शेकोटीभोवती वांग्याच्या भरिताचे बेत रंगतात तेव्हा, कधीकधी पारा 10 अंशांच्याही खाली उतरतो.

उन्हाळा एवढा कडक आणि हिवाळाही असा, हे कसं? खानदेश समुद्रापासून दूर आहे. हवा कोरडी, हिवाळ्यात आकाश निरभ्र. कोरड्या हवेत जमीन दिवसा पटकन तापते आणि रात्री तितक्याच पटकन निवते. ढगांचं पांघरूण नसल्यामुळे दिवसभराची ऊब आकाशात निघून जाते. म्हणून दुपारी सदरा पुरतो आणि पहाटे स्वेटर लागतो.

तर यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीसाठी एक बेत सुचवायचा आहे. घरातल्या एका माणसासाठी, स्वतःच्या हातांनी, एक उबदार वस्तू विणायची. एकच, पण पूर्ण करायची!

आधी माणूस, मग लोकर

बहुतेक जण काय करतात? दुकानात जातात, आवडलेल्या रंगाची लोकर आणतात आणि मग विचार करतात, आता हे कुणाला द्यायचं? आपण उलटं करू. आधी माणूस ठरवू. तो पहाटे काय करतो, रात्री कुठे असतो, त्याला थंडी नेमकी कुठे वाजते, हे पाहू. लोकर सगळ्यात शेवटी.

भुसावळचंच उदाहरण घ्या. हे मध्य रेल्वेचं मोठं जंक्शन. मुंबईहून येणारा मार्ग इथे फुटतो. एक फाटा इटारसीकडे जातो, दुसरा अकोल्यावरून नागपूरकडे. गाड्या रात्रभर धावतात, म्हणजे गावातल्या कितीतरी घरांतले बाबा, काका, हल्ली कितीतरी आईसुद्धा, रात्रपाळीला असतात. त्यांच्यातलं एक काम तर असं आहे की जितकी थंडी जास्त, तितकं ते महत्त्वाचं.

तुम्ही शाळेत शिकला आहात, धातू तापला की प्रसरण पावतो आणि थंड झाला की आकुंचन पावतो. आता रुळाचा विचार करा. पूर्वी दोन रुळांच्या मध्ये फट असायची, त्यामुळे खटक-खटक आवाज यायचा. आता बऱ्याच ठिकाणी रूळ एकमेकांना जोडून लांबच लांब, अखंड केलेले असतात. कडाक्याच्या थंडीत हा अखंड रूळ आखडायला बघतो, पण त्याला तसं करायला जागाच नसते. मग तो ताणला जातो. एखाद्या कच्च्या जागी, जोडावर, त्याला तडा जाऊ शकतो. अशी जागा गाडी येण्याच्या आत सापडली पाहिजे. म्हणून थंडीच्या दिवसांत रात्री आणि पहाटे रेल्वेचे कर्मचारी हातात बत्ती घेऊन रुळांवरून पायी गस्त घालतात. आपण गोधडीत गुरफटून झोपलेले असतो तेव्हा!

आता अशा गस्तवाल्या बाबांना काय विणून द्याल? कान गच्च झाकणारी कानटोपी? थांबा! रुळांवर चालणाऱ्या माणसाचे कान उघडे हवेत. गाडीची शिटी, सोबत्याची हाक त्याला लगेच ऐकू आली पाहिजे. लांब, लोंबणारा मफलरही नको, तो कुठेतरी अडकेल. मग काय? गळ्याभोवती एक वेढा घेऊन दोन्ही टोकं कोटाच्या आत खोचता येतील असा आटोपशीर मफलर. किंवा आतून घालायची बिनबाह्यांची बंडी.

पाहिलंत? अजून लोकर आणलीही नाही, पण भेट निम्मी तयार झाली. कारण तुम्ही त्या माणसाच्या रात्रीचा विचार केलात.

असंच घरातल्या बाकीच्यांचं. आजीचे पाय थंड पडतात म्हणून मोजे विणावेसे वाटतील, पण गुळगुळीत फरशीवर लोकरीच्या मोज्यांनी पाय सटकतो. तिला गुडघ्यांवर चढवायच्या पट्ट्या द्या. तान्ह्या बाळासाठी जाळीची नक्षी नको, त्याची इवलीशी बोटं भोकांत अडकतात. गळ्याशी लांब बंदही नकोत. आणि दादा मोटारसायकलवरून जात असेल तर त्यालाही लोंबणारा मफलर नकोच.

लोकर उबदार का असते?

गंमत अशी की लोकर स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब आपल्याच अंगाची असते. ती फक्त तिला पळू देत नाही. विणलेल्या प्रत्येक फासात थोडीशी हवा कोंडून राहते. स्थिर हवा उष्णतेची वाईट वाहक असते, म्हणून अंगातली ऊब अंगाशीच राहते.

मागावर विणलेलं कापड आणि सुयांवर विणलेला स्वेटर यांत मोठा फरक आहे. कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे एकमेकांत गुंततात. सुयांवर मात्र एकच धागा असतो आणि त्याचे फासात फास अडकत जातात. म्हणून स्वेटर ताणला जातो आणि सोडला की पुन्हा जागेवर येतो. आणि म्हणूनच एक टोक ओढलं की सगळं भराभर उसवतंही!

आपल्याकडेही लोकर आहे बरं का. धुळे जिल्ह्यातल्या साक्री भागातले ठेलारी मेंढ्या घेऊन गावोगाव हिंडतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, टोचरी असते. तिची घोंगडी छान होते, पण गळ्याशी घ्यायचा मऊ मफलर होत नाही. बाजारात रंगीबेरंगी लडी मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा मेंढीच्या लोकरीच्या नसतातच. तो असतो अ‍ॅक्रिलिकचा धागा. स्वस्त, मऊ, धुवायला सोपा. फक्त एक लक्षात ठेवा, अ‍ॅक्रिलिक पेटलं की वितळतं आणि कातडीला चिकटतं. म्हणून असा मफलर घालून शेकोटीजवळ, पणत्यांजवळ, फटाक्यांजवळ जायचं नाही.

हे काम मुलींचं? कोण म्हणतं?

काही मुलगे आता पान उलटायच्या बेतात असतील. त्यांनी जरा थांबावं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची सुगरणीच्या खोप्यावरची कविता तुम्ही ऐकली असेल. पण पक्षी पाहणाऱ्यांना विचारा, गवताची पाती चोचीनं गुंफून तो खोपा विणतो कोण? नर! आणि माणसांतही पूर्वी युरोपात मोजे-टोप्या विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते, ते पुरुषांचे. तेव्हा मुलग्यांनी लाजायचं कारण नाही. भाऊबीजेला ओवाळणीच्या तबकात स्वतः विणलेला मफलर टाकून तर बघा, ताई कशी चकित होते ते!

विणकाम फक्त थंड देशांचं, असंही समजू नका. इजिप्तमध्ये सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वीचे विणलेले मोजे सापडले आहेत, तेही लोकरीचे नाहीत, सुताचे! पांढऱ्या आणि निळ्या रंगाचे. खानदेश तर कापसाचा मुलूख. तेव्हा लोकर टोचत असेल त्यांनी जाड सुती धाग्यानं विणावं.

सुताच्या विणकामाची एक खरी गोष्ट सांगतो. 20 नोव्हेंबर 1947 रोजी इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचं लग्न झालं. जगभरातून हिरे-मोती, सोन्या-चांदीच्या वस्तू आल्या. गांधीजी काय देणार? त्यांनी स्वतः चरख्यावर सूत काढलं होतं. एका पंजाबी मुलीनं त्या सुताचं जाळीदार वस्त्र विणलं. त्याच्या मधोमध अक्षरं होती, ‘जय हिंद’! ते वस्त्र आजही ब्रिटनच्या राजघराण्याच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे.

आणि पुढे 1962 साली चीनशी युद्ध झालं, तेव्हा आपले जवान हिमालयाच्या बर्फात लढत होते. देशभरातल्या घरांघरांतून त्यांच्यासाठी स्वेटर विणले गेले. विणणारीला माहीत नव्हतं हा स्वेटर कोण घालणार. घालणाऱ्याला माहीत नव्हतं कुणी विणला. तुमच्या आजीला किंवा पणजीला विचारा, कदाचित तिनंही विणला असेल.

चला, हिशेब करू

दसरा ते भाऊबीज साधारण 22 दिवस मिळतात. मध्ये सहामाही परीक्षा असेल. एवढ्यात मफलर होईल का? गणितानंच पाहू.

दुकानातून मध्यम जाडीची, साधारण 200 ग्रॅम लोकर आणा. सगळी एकदमच आणा, कारण मागाहून आणलेल्या लडीचा रंग थोडा वेगळा निघू शकतो. सुया 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटर जाडीच्या घ्या. आपल्या दुकानांत बहुधा सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक!

आधी एक छोटा नमुना विणा आणि पट्टी लावा. 10 सेंटिमीटर रुंदीत 20 टाके बसले, तर 18 सेंटिमीटरच्या मफलरला किती? 36. तुमचा हात घट्ट असेल आणि 22 टाके बसले, तर 40 घ्यावे लागतील. शाळेत ‘याचा उपयोग काय?’ म्हणून विचारता ना, तेच हे त्रैराशिक!

आता लांबी 150 सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला साधारण 4 ओळी धरल्या तर 600 ओळी. म्हणजे 36 × 600 = 21,600 टाके! घाबरलात? मिनिटाला 20 टाके पडले तर 1,080 मिनिटं, म्हणजे 18 तास. रोज एक तास बसलात तर 18 दिवसांत मफलर तयार, आणि 4 दिवस शिल्लक. परीक्षा जड असेल तर मफलर थोडा आखूड करा. कोटात खोचायचा असेल तर 120 सेंटिमीटरही पुरतो.

चार हालचाली, बस्स!

सुईवर टाके घालायला आजी, आई किंवा शेजारच्या मावशींकडून शिका. हे वाचून येत नाही, शेजारी बसून येतं. रेल्वे कॉलनीत राहणाऱ्यांचं तर काय विचारता! तिथे देशभरातली माणसं शेजारी असतात. एखाद्या पंजाबी आंटीकडे गेलात तर नवी नक्षीही शिकून याल.

पुढे सगळ्या ओळी फक्त सुलट टाक्यानं विणायच्या. चार हालचाली लक्षात ठेवा: सुई आत, धागा भोवती, फास बाहेर, जुना सोड. सुरुवातीला मोठ्यानं म्हणत विणा. दोन-तीन दिवसांनी हातच म्हणायला लागतील.

प्रत्येक ओळ संपली की टाके मोजा. 36 चे 37 झाले तर कुठेतरी धागा उगाच सुईवर चढला. 35 झाले तर एक टाका गळला. गळलेला टाका शिडीसारखा खाली खाली उसवत जातो. घाबरून सगळं ओढू नका. तिथे एक पिन अडकवून ठेवा आणि मोठ्यांच्या मदतीनं क्रोशाच्या सुईनं तो एकेक पायरी वर आणा. नवी लडी जोडायची तर ओळीच्या सुरुवातीला जोडा, मधेच गाठ मारू नका. शेवटी टाके बंद करताना हात सैल ठेवा, नाहीतर ते टोक आखडतं.

आणि हो, सुया टोकदार असतात. विणून झालं की टोकाला बूच लावून पिशवीत ठेवा, लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मुलं झोपल्यावर त्यांचं विणकाम हळूच ‘नीट’ करून ठेवू नका. दहाव्या ओळीतला सैल टाका आणि शंभराव्या ओळीतला सारखा टाका यांच्यामधला रस्ता त्यांनाच चालू द्या. मुलगा विणायला बसला तर हसू नका. दुकानात याहून स्वस्त आणि देखणा मफलर मिळेलही, पण मुलांसमोर ती तुलना नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मिळालेली भेट कपाटात जपून ठेवू नका. ती वापरा. रात्रपाळीला निघताना मुलानं विणलेला मफलर गळ्यात घालून निघालात की त्याला वेगळी शाबासकी द्यावी लागत नाही.

मग काय मंडळी, माणूस ठरला का? आत्ताच वहीच्या मागच्या पानावर त्याचं नाव लिहा. खाली लिहा, त्याला थंडी कुठे वाजते, कधी वाजते आणि त्या वेळी तो काय करत असतो. दसऱ्याला आपट्याचं सोनं वाटून घरी आलात की सुया हातात घ्या आणि मोजायला लागा. एक, दोन, तीन... छत्तीस!