बुद्धीची काठी

बायबलमधील नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एक बोध आहे: भार टाकायचा तो परमेश्वरावर, स्वतःच्या समजुतीवर नव्हे. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ ‘टेकणे’ असा आहे. थकलेला माणूस काठीवर टेकतो ना, तसे. यावर कोणी सहज विचारील, मग देवाने बुद्धी दिली ती कशाला?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. आपल्या बारामती-इंदापूरच्या शेजारी, दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन ते हेच. बाईंच्या बुद्धीविषयी शंकाच नको. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात मुली आणि विधवा अन्नावाचून रस्त्यावर आल्या. बाईंपाशी पैसा बेताचा. अमेरिकेतील मंडळींनी कबूल केलेल्या दहा वर्षांच्या मदतीची मुदतही संपत आलेली. हिशेब सांगत होता, घरी बसा. बाईंनी प्रार्थना केली आणि त्या निघाल्या. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. १९०० च्या सुमारास केडगावात जवळजवळ दोन हजार जणी होत्या.

पण म्हणून बाई नुसत्या हात जोडून बसल्या का? छे! विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम आणि छपाई शिकविली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून बायबल मराठीत आणले, आणि ते काम हातावेगळे करूनच १९२२ साली डोळे मिटले. बुद्धी त्यांनी टाकली नाही; तिला फक्त मालकीण होऊ दिले नाही.

नीरेच्या डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे लवकर पटेल. भाटघरचे पाणी काही आपल्या अकलेने बांधावर येत नाही. पण पाळी आली असता जो दारे धरायला उठत नाही, त्याचे वाफे कोरडेच राहतात.

आता खरी अडचण. मनाची लहर कोणती आणि देवाची हाक कोणती, हे ओळखायचे कसे? लहर बहुधा आपल्या सोयीकडे किंवा मोठेपणाकडे ओढते. ख्रिस्ती माणूस ती शास्त्रवचनाशी ताडून पाहतो, प्रार्थनेत थांबतो, जाणत्यांचा सल्ला घेतो. आणि एक साधी कसोटी: या वाटेने गेल्यास दुबळ्याला आधार मिळेल काय? केडगावची वाट या कसोटीला उतरली.

देव सारा रस्ता एकदम दाखवीत नाही, पुढचे पाऊल दाखवितो. ते टाकायला मात्र पाय आपलेच लागतात.