नामसाम्य आणि पितृत्व : स्टीव्हन हॉपकिन्सच्या वंशावळीचा प्रश्न

वंशावळीच्या संशोधनात सर्वांत दुबळा दुवा बहुधा स्थलांतर करून आलेल्या मूळ पुरुषाच्या ठिकाणी आढळतो. त्याच्या वंशजांच्या नोंदी नव्या वसाहतीत असतात, पूर्वजांच्या मायदेशात. दोहोंना सांधणारा कागद मात्र क्वचितच उपलब्ध असतो. ही पोकळी नामसाम्याने भरून काढण्याचा मोह अनेकांना आवरत नाही.

१६२० साली मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला आलेला स्टीव्हन हॉपकिन्स हे याचे बोलके उदाहरण होय. हा ग्लॉस्टरशरमधील वॉटन-अंडर-एज येथील याच नावाच्या एका कापडव्यावसायिकाचा पुत्र, आणि त्याची पहिली पत्नी कॉन्स्टन्स डडली, असे विसाव्या शतकातील अनेक ग्रंथांत निःशंकपणे लिहिलेले आढळे. या विधानांस नामसाम्यापलीकडे आधार नव्हता. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरवून घेतले. आणि पुनरुक्तीलाच पुराव्याची प्रतिष्ठा लाभली.

१९९८ साली केलेब जॉन्सन यांनी हँपशरमधील हर्स्ली गावच्या चर्चच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. स्टीव्हन हॉपकिन्सच्या एलिझाबेथ, कॉन्स्टन्स व जाइल्स या तीन अपत्यांचे बाप्तिस्मे तेथे १६०४ ते १६०८ या काळात नोंदलेले आहेत. पत्नी मेरी १६१३ मध्ये तेथेच पुरली गेली. इकडे प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने केलेल्या यादीत जाइल्स व कॉन्स्टन्स ही दोन मुले पूर्वीच्या पत्नीची असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. एकट्या ‘स्टीव्हन’ या नावाचे साम्य योगायोगाचे असू शकते. पिता, पुत्र व कन्या अशा नावांचा संपूर्ण गट आणि मातेचा मृत्यू यांची सुसंगती योगायोगाने सहसा जुळत नाही.

येथे भाषाशास्त्रातील एक तत्त्व स्मरणीय ठरते. लॅटिन ‘देउस’ व ग्रीक ‘थेओस’ हे दोन्ही शब्द देववाचक व ध्वनीने निकट आहेत. तथापि त्यांचे मूळ एक नाही. ‘देउस’चे खरे नाते संस्कृत ‘देव’ शब्दाशी आहे. साम्य नव्हे, तर नियमबद्ध अनुरूपतांची मालिका नाते सिद्ध करते. वंशावळीसही हाच दंडक लागू पडतो.

परंतु हर्स्लीचा निवास सिद्ध झाला म्हणजे पितृत्व सिद्ध झाले, असे नव्हे. त्याच परगण्यातील अपर क्लॅटफर्ड येथे ३० एप्रिल १५८१ रोजी जॉन हॉपकिन्सच्या स्टीव्हन नामक पुत्राचा बाप्तिस्मा झाला. हाच तो, असे मत पुढे मांडले गेले आहे. काल व स्थल यांचा मेळ बसत असल्याने ते संभाव्य आहे. पण हर्स्लीच्या नोंदींइतके बळकट नाही. तेथे नावांचा गट जुळतो. येथे पुन्हा एकाच नावावर भिस्त आहे. दोन्ही निष्कर्ष एकाच श्रेणीत बसविल्यास वॉटनची चूक नव्या स्वरूपात अवतरेल.

या भेदाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. पित्याचा एक दुवा निखळला की त्यावर रचलेल्या सर्व पिढ्या कोसळतात. म्हणून प्रत्येक पिढीच्या दुव्याशेजारी त्याच्या पुराव्याचे बळ ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ वा ‘निराधार’ असे नोंदवावे. ‘पिता अज्ञात’ हा शेराही संशोधनाचे फलितच होय.