काय ऐकावे, कोणाचे ऐकावे?

१९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडली. पुढेमागे कोणी परग्रहवासी भेटलाच, तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवलेली आहे. तीत बाख आहे, बीथोवन आहे, आणि भारताच्या वतीने गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर आहेत. साडेतीन मिनिटांची भैरवी!

एवढे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असते. त्यामागची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. रॉबर्ट ब्राऊन या संगीताच्या अमेरिकन अभ्यासकाने या भैरवीची शिफारस केली, तेव्हा ती ध्वनिमुद्रिका बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. पुष्कळ शोधाशोध झाल्यावर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. कंपनीने जिचा नाद सोडला होता, ती भैरवी एका जाणकाराच्या आग्रहामुळे आणि एका दुकानदाराने खोके फेकून न दिल्यामुळे सूर्यमालेबाहेर गेली. व्हॉयेजरचे दुसरे उड्डाण ५ सप्टेंबरचे. केसरबाई वारल्या १६ सप्टेंबरला.

ही हकीकत आज आठवण्याचे कारण असे की, चांगले गाणे आपल्यापर्यंत पोहोचते कसे, हा प्रश्न आता कंपनीचा राहिलेला नाही. तो तुमचा-माझा झाला आहे.

पूर्वी तो कंपनीचा होता. १९०२ साली गायसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गोहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हापासून पुढे सत्तर-ऐंशी वर्षे कुत्र्याचे चित्र असलेल्या त्या तबकडीने आपल्या कानांवर राज्य केले. कंपनीची कामे दोन. एक, तबकडी तयार करून गावोगाव पोहोचविणे. दुसरे, कोणाची तबकडी काढावयाची हे ठरविणे. पहिल्या कामाला कारखाना आणि भांडवल लागे, म्हणून दुसऱ्याचा अधिकार तिच्याकडे आपोआप आला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तेवढ्यात राग आटोपावा लागे. ज्याची तबकडी निघाली नाही, तो गवई दूरच्या श्रोत्यापुरता जणू जन्मलाच नाही. आकाशवाणीने १९५२ मध्ये शनिवार रात्रीचा राष्ट्रीय संगीताचा कार्यक्रम सुरू केला आणि १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव भरू लागला. या दोहोंनी कोंडी थोडी फोडली. महोत्सवात तर मजा अशी की, ज्याच्यासाठी तिकीट काढावे तो राहतो बाजूला आणि त्याच्या आधी बसलेला कोणी अपरिचित गायकच मनात घर करतो.

मक्तेदारीला खरा धक्का दिला कॅसेटने. १९८० नंतरच्या दशकात गुलशनकुमारांच्या टी-सीरीजने स्वस्त कॅसेटींचा पूर आणला, आणि लहानसहान भांडवलावर कोणीही कॅसेट काढू लागला. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटी मांडलेल्या असत. तेथे काय चांगले हे कोणत्या कंपनीच्या कार्यालयात ठरत नव्हते, जमलेल्या माणसांत ठरत होते. पुढे १९९९ साली ‘नॅपस्टर’ निघाले आणि गाणे संगणकावरून संगणकावर फुकट जाऊ लागले. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात एखाद्या आकाशवाणी केंद्राला हेवा वाटावा एवढा संग्रह आहे. कंपन्या संपल्या असे नव्हे. जुन्या गाण्यांचे हक्क त्यांच्याकडेच आहेत आणि त्यावर त्या सुखाने जगत आहेत. पण निवडीचा मान गेला.

मग तो गेला कोणाकडे? बव्हंशी यंत्राकडे. तुम्ही काय ऐकले, काय अर्ध्यावर सोडले, तुमच्यासारख्या इतरांनी आणखी काय ऐकले, यांचा ताळा जमवून यंत्र पुढचे गाणे लावते. हे काम ते हुशारीने करते, हे मान्य केले पाहिजे. मलाही त्याने दोन-चार चांगले कलावंत दाखविले. परंतु त्याचा हिशेब पाहा. स्पॉटिफायवर एखादे गाणे तीस सेकंद वाजले की ते ‘एकदा ऐकले’ असे धरतात. म्हणजे तीन मिनिटांचे सिनेगीत एकदा, आणि चाळीस मिनिटांचा विलंबित खयालही एकदाच! शिवाय २०२४ पासून ज्या गाण्याला मागील बारा महिन्यांत हजार श्रवणे मिळाली नाहीत, त्याच्या वाट्याला रॉयल्टीच येत नाही. तबकडीने रागाला तीन मिनिटांत कोंबले होते. हा हिशेबही, निराळ्या वाटेने, आखूड गाण्याचीच बाजू घेतो.

याहून मोठी अडचण मला स्वानुभवाने कळली. केसरबाईंचे गाणे मी प्रथम फोनवर लावले तेव्हा मिनिटभरात बंद केले. खरखर फार, आवाज करडा, शब्द कळेनात. यंत्राने माझी नावड निमूटपणे टिपून घेतली, आणि पुन्हा कधी त्यांचे नाव काढले नाही. पुढे दिवाळीच्या सुट्टीत एका मित्राच्या गावी गेलो. त्याचे आजोबा निवृत्त शिक्षक आणि गाण्याचे वेडे. त्यांना मी आपले मत ऐकविले. ते रागावले नाहीत.

“आवडलं नाही? बरं. शब्द सोडून दे. श्वास कुठं घेतात तेवढं सांग मला.”

त्यांनी तेच गाणे, माझ्याच फोनवर, तीनदा लावले. पहिल्यांदा मला श्वासाची जागा सापडलीच नाही. तिसऱ्यांदा सापडली, आणि त्या दोन श्वासांमधल्या तानेची लांबी ध्यानात येऊन मी गप्प बसलो. खरखर तेवढीच होती; ती ऐकू येईनाशी झाली.

यंत्र एका नकारावर थांबते. माणूस म्हणतो, “अरे, पुन्हा ऐक.” आणि कशाकडे कान द्यावा हेही सांगतो. आवडलेले मिळवून देणारे पुष्कळ आहेत. न आवडलेले आवडावयास लावणारा क्वचितच भेटतो. सुदैवाने असे लोकही आता त्याच फोनमधून भेटू शकतात. मूळ गोव्याचे राजन पर्रीकर यांनी रागांवर लिहिताना प्रत्येक मुद्द्यासोबत ध्वनिमुद्रणाचा तुकडा दिला आहे. वाचावे आणि लगेच ऐकावे. इंग्लंडमध्ये २००६ पासून भरणाऱ्या ‘दरबार’ महोत्सवातील मैफली घरबसल्या पाहावयास मिळतात. जुन्या खाजगी मैफलींच्या फिती जपणाऱ्या संग्राहकांनी आपली कपाटे जगासाठी उघडली आहेत. फक्त यांतले काही आपणहून समोर येत नाही. नाव ठाऊक असावे लागते, आणि नाव कोणीतरी सांगावे लागते.

आमच्या वसतिगृहात गेल्या जुलैपासून गुरुवारी रात्री आम्ही सात-आठ जण गच्चीवर जमतो. एकाने एकच गाणे आणावयाचे, इतरांनी ते अर्ध्यावर थांबवावयाचे नाही, आणि आणणाऱ्याने ते का आणले हे सांगावयाचे, एवढाच नियम. गेल्या गुरुवारी धारवाडकडच्या एका मित्राने मल्लिकार्जुन मन्सूर आणले. दोघे पेंगले. एकाने मात्र खोलीवर जाताना ती फीत मागून घेतली. येत्या गुरुवारी पाळी माझी आहे, आणि केसरबाई लावाव्यात की नाही याचा माझा अजून निर्णय होत नाही.