३९ अंशांच्या खोलीत ३४ अंशांचा प्रोसेसर?

चंद्रपुरात एप्रिल लागला की एक फुशारकी हमखास कानावर येते. सुटे पार्ट आणून घरीच जोडलेला पीसी, खोलीत एसी नाही, भिंतीवरचा थर्मामीटर ३९ दाखवतोय आणि मालक सांगतोय, "प्रोसेसर बघा, फक्त ३४! कूलर भारी टाकलाय." कूलर भारी असेलही. पण तो आकडा चुकीचा आहे, आणि हे ओळखायला भिंतीवरचा तो थर्मामीटर पुरेसा आहे.

गैरसमज : चांगला कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड ठेवतो.

वस्तुस्थिती : शक्यच नाही. पंखा प्रोसेसरवरच्या धातूच्या हीटसिंकवर खोलीतलीच हवा सोडतो. ३९ अंशांची हवा कितीही जोरात मारली तरी चालू प्रोसेसर ३९ च्या खाली येणार नाही. महागडा लिक्विड कूलरही याला अपवाद नाही. त्याच्या रेडिएटरमधूनही खोलीचीच हवा जाते. गडचिरोलीत डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर २५ दाखवत असेल, तर ते पटण्यासारखं आहे. मे महिन्यात चंद्रपुरात तोच आकडा दिसला तर सेन्सर तरी चुकतोय किंवा सॉफ्टवेअर तरी. म्हणून नुसता आकडा पाहू नका. खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक पाहा.

मग संगणक चुकीचं का दाखवतो? इंटेलच्या तांत्रिक कागदपत्रांनुसार, प्रोसेसरमधला डिजिटल सेन्सर थेट तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच तो सांगतो. मर्यादा १०० असेल आणि सेन्सर ४० म्हणाला, तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून ६० दाखवतं. सॉफ्टवेअरने मर्यादाच १० अंशांनी चुकीची धरली, की प्रत्येक आकडा १० अंशांनी चुकतो. शिवाय या सेन्सरचं मुख्य काम प्रोसेसरला जळण्यापासून वाचवणं. त्यामुळे तो मर्यादेजवळ जास्त अचूक असतो. ३०-४० च्या घरात त्याच्यावर फार विसंबू नये. नेमक्या त्याच आकड्यांची फुशारकी मारली जाते!

उलटी चूकही होते. २०१७ मध्ये एएमडीचे रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर प्रत्यक्षापेक्षा २० अंश जास्त दाखवत होते. पंख्यांच्या नियंत्रणासाठी हे मुद्दाम केलं आहे, असं एएमडीनेच तेव्हा जाहीर केलं.

यंत्रावरचा आकडा पडताळावाच लागतो. ३० मे २०२४ रोजी नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली आणि बातम्यांचा धुरळा उडाला. सेन्सरमधल्या बिघाडाने तो आकडा आल्याचं हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं.

घरच्या पीसीची पडताळणी अशी करा. रात्रभर बंद ठेवलेला पीसी सकाळी सुरू करा आणि कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याशी साधा थर्मामीटर धरा. सुरुवातीला मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांचे आकडे खोलीच्या आसपास, तर प्रोसेसरचा त्याहून काही अंश वर दिसायला हवा. मग पंख्याचा वेग कायम ठेवून तोच जड प्रोग्राम सकाळी सहाला आणि दुपारी तीनला वीस-वीस मिनिटं चालवा. खोली ८ अंशांनी तापली असेल तर प्रोसेसरही साधारण तेवढाच चढला पाहिजे. आकडा जागचा हलला नाही, तर तो निकामी समजा. तिसरी खूण वेगाची : मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो. आकडा मर्यादेवर आणि वेग मात्र पूर्ण, असं दिसलं तर संशय घ्या.

आता किरकोळ गैरसमज.

"८५ अंश दिसले, आता जळणार." हल्लीच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश असते.

"कुठलासा सेन्सर १२७ दाखवतोय, मदरबोर्ड गेला." बहुतेक वेळा त्या जागी सेन्सर जोडलेलाच नसतो.

"इन्फ्रारेड थर्मामीटरने हीटसिंकचं खरं तापमान कळतं." चकचकीत धातूवर तो फसतो, आणि हीटसिंक म्हणजे प्रोसेसर नव्हे.

"डेझर्ट कूलरसमोर ठेवला की आकडे खोटे येतात." आकडे खरेच उतरतात, कारण हवाच गार असते. पण पाण्याचे तुषार बोर्डावर जातील, तेव्हा अगदी समोर ठेवू नका.

"यंदा आकडे वाढले, सेन्सर बिघडला." आधी कॅबिनेट उघडून पाहा. घुग्घुस-बल्लारपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळी धूळ गच्च बसते. ती झटकल्यावर खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक पूर्वीइतका झाला, तर सेन्सर ठणठणीत आहे.

त्यासाठी पूर्वीचा फरक ठाऊक हवा. पीसी नवा असतानाच खोलीचं तापमान आणि जड प्रोग्राम चालतानाचा प्रोसेसरचा आकडा कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. दुरुस्तीला नेताना दोन्ही आकडे सांगा. नाहीतर मे महिन्यात उकाड्याने चढलेला आकडा बिघाड समजला जाईल आणि प्रोसेसर-हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलायचे पैसे फुकट जातील.