स्वस्त रायफल पारखायची कशी?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली. अमेरिकेत मात्र परवाना काढून एल्क मारण्याचा हंगाम दरवर्षी येतो. एल्क म्हणजे मोठं हरीण. नर तीनशे किलोंच्या आसपास. त्यासाठी स्वस्त बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल पुरेल का? नेम चुकला तर जखमी जनावर रानात तडफडत मरतं, तेव्हा प्रश्न नुसता पैशांचा नाही.

स्वस्ताई येते कुठून, ते आधी पाहू. १९५८ साली आलेली सॅव्हेज ११० घ्या. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मिळणारी जागा अगदी नेमकी लागते. ती जुळवायला कुशल कारागीर नळीचा खांदा मापात कापत. सॅव्हेजनं नळीवर नट बसवला. आत गेज घालायचं, नळी आट्यांवर फिरवून टेकवायची, नट आवळायचा. मजुरी वाचली, अचूकपणा टिकला. ही चांगली काटकसर.

प्लास्टिकच्या लवचीक दस्त्याचं मात्र तसं नाही. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघायची. मग खांद्याचा पट्टा ताणून पुन्हा. पट्टी अडकली, तर हाताच्या दाबानं नेम हलू शकतो.

आता गणित करू. शंभर यार्डांवर गोळ्या दीड इंचात पडल्या, तर तीनशे यार्डांवर त्या साडेचार इंचांत पडतील. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग दहा इंचांहून लहान नसतो. मग अर्ध्या इंचाच्या अचूकतेसाठी दुप्पट पैसे कशाला?

पण जनावरावरची पहिली गोळी थंड नळीतून सुटते. दुकानात दाखवतात तो कागद बहुधा एका बैठकीतला असतो. आपण चार-पाच वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून एकेकच गोळी, एकाच कागदावर मारायची. हा पुंजका खरा.

शेवटी हाताळणी. चाप ओढताना अडखळतो का? सेफ्टी लावलेली असताना बोल्ट उघडून काडतूस काढता येतं का? मॅगझिनमधलं शेवटचं काडतूस सुरळीत चढतं का? पहिली गोळी नीट लागली नाही, तर जनावराच्या यातना दुसरीनंच संपवायच्या असतात. इथं अडकणारी रायफल कितीही स्वस्त असो, घ्यायची नाही.

या कसोट्यांना उतरली, तर स्वस्त रायफल खुशाल घ्यावी. वाचलेले पैसे सरावाच्या काडतुसांवर घालावेत. कारण तीनशे यार्डांवर बहुतेक वेळा रायफल नव्हे, माणूस चुकतो.