तेरा विरुद्ध एक

नववीच्या वर्गात संयुक्त राष्ट्रांचा धडा आला की आम्ही फळ्यावर नियम लिहून देतो. सुरक्षा परिषदेत 15 देश. त्यांतले अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स हे पाच कायमचे. महत्त्वाचा ठराव मंजूर व्हायला किमान 9 मते हवीत आणि या पाचांपैकी एकाचेही मत विरोधात जाता कामा नये. गेले, तर ठराव पडला. यालाच नकाराधिकार म्हणतात. मुले मुकाट्याने उतरवून घेतात.

डिसेंबर 2023 मध्ये मात्र एका मुलीने हात वर केला. "सर, तेरा देश हो म्हणाले आणि एकट्या अमेरिकेच्या नकाराने ठराव पडला. मग मत घेतातच कशाला?"

ती गाझाबद्दल बोलत होती. 8 डिसेंबरला तातडीच्या युद्धबंदीचा ठराव मतदानाला आला. बाजूने 13, ब्रिटन तटस्थ, अमेरिका विरोधात. दोनच दिवस आधी महासचिव गुटेरेस यांनी सनदेतील कलम 99 चा आधार घेऊन परिषदेला सावध केले होते. हे कलम फार क्वचित वापरले जाते. तरीही ठराव पडला. आमच्या घरी त्या आठवड्यात दस्तरखानावर दुसरा विषय नव्हता. वाचकांच्या घरीही नसावा. "ही पद्धतच मोडून काढली पाहिजे," असे आमचे भाईजान म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली.

राग रास्तच होता. पण त्या मुलीला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही जुने ठराव काढून बसलो आणि अडचणीत आलो.

त्याच वर्षी 11 जुलैला परिषदेत आणखी एक मतदान झाले होते. सीरियाच्या वायव्य भागात सुमारे चाळीस लाख लोक अडकलेले. त्यांतले बरेचसे आधीच एकदा-दोनदा घर सोडून आलेले. त्यांच्यासाठी धान्य, औषधे आणि तंबू तुर्कस्तानातून ट्रकने जात. 2014 मध्ये परिषदेने यासाठी सीमेवरची चार नाकी मंजूर केली होती. रशियाच्या आडकाठीमुळे 2020 च्या जानेवारीत त्यांची दोन झाली आणि जुलैत एकच उरले, बाब अल-हवा. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात तिथली घरे कोसळली, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मदतीला हेच एक दार होते आणि रस्तेही खचलेले. पहिला ताफा आत जायला 9 तारीख उजाडली. मातीखाली दबलेल्या माणसासाठी तीन दिवस म्हणजे काय, हे सांगायला नको. त्या नाक्याची मुदत नऊ महिने वाढवावी, एवढाच जुलैतला ठराव होता. बाजूने 13, चीन तटस्थ, रशिया विरोधात. ठराव पडला.

आकडे अगदी तेच. मजलूमही आपलेच म्हणावेत असे. पण त्या आठवड्यात आमच्या दस्तरखानावर बाब अल-हवाचे नावही निघाले नव्हते.

ही हकीगत आम्ही अब्बांना सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एकाहत्तर साली आम्ही तर रशियाच्या नकारासाठी दुआ मागत होतो." पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले होते. डिसेंबरात युद्ध सुरू झाले. लगेच युद्धबंदी करा आणि फौजा मागे घ्या, असे ठराव परिषदेत आले आणि सोव्हिएत रशियाने 4, 5 आणि 13 डिसेंबरला ते अडवले. मधल्या काळात, 7 तारखेला, आमसभेने तसाच ठराव 104 विरुद्ध 11 मतांनी मंजूर केला. जगातले बहुसंख्य देश त्या दिवशी भारताच्या विरोधात होते. आमसभेचे असे ठराव बंधनकारक नसतात, म्हणून आपली फौज थांबली नाही. 16 डिसेंबरला ढाका पडले आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीजिंगच्या सरकारने आपला पहिला नकाराधिकार वापरला, तो याच नव्या देशाला संयुक्त राष्ट्रांत येऊ न देण्यासाठी. बांगलादेशला 1974 पर्यंत दाराबाहेर थांबावे लागले.

मग पद्धत मोडायची की ठेवायची? नकार आला नाही म्हणजे भले झाले, असेही नाही. 17 मार्च 2011 रोजी लिबियाचा ठराव 10 मतांनी मंजूर झाला. रशिया, चीन, भारत, जर्मनी आणि ब्राझील तटस्थ राहिले. बेनगाझीच्या नागरिकांना वाचवायचे, असे कारण होते. नाटोची विमाने मात्र गद्दाफींची सत्ता पडेपर्यंत फिरत राहिली. मागे राहिला तो टोळ्यांनी वाटून घेतलेला देश. आमची फसवणूक झाली, असे रशिया म्हणू लागला आणि त्याच ऑक्टोबरात त्याने चीनसह सीरियावरचा ठराव अडवला. परकीय हस्तक्षेप नको, हे तेव्हाचे बोल. 2015 च्या सप्टेंबरपासून सीरियावर बॉम्ब टाकणाऱ्यांत रशियाची विमानेही होती.

आम्हाला स्वतःला फ्रान्स आणि मेक्सिकोची सूचना पटते: सामूहिक कत्तलीचा प्रश्न असेल तिथे पाच देशांनी नकाराधिकार स्वतःहून बाजूला ठेवावा. फ्रान्सने तो 1989 नंतर वापरलेलाही नाही. पण मॉस्को आणि वॉशिंग्टन या सूचनेला तयार नाहीत. 2022 मध्ये आमसभेने एवढे मात्र ठरवले की नकार देणाऱ्याचे प्रकरण दहा कामकाजी दिवसांत आमसभेपुढे चर्चेला यावे. ठराव पडतो तो पडतोच. पण नकार का दिला, याची चर्चा साऱ्या देशांसमोर होते.

आता हा धडा आम्ही वेगळ्या रीतीने घेतो. दोन्ही मतदाने फळ्यावर लिहितो, पण देशांची नावे लिहीत नाही. कोण अडकले आहे, काय मागितले आहे आणि कुणी अडवले, एवढेच. मग हात वर करायला सांगतो. दोन्ही वेळा सगळा वर्ग हात वर करतो. त्यानंतर नावे लिहितो. यंदा बाब अल-हवा आणि रशिया ही नावे लिहून वळलो, तर तीन-चार हात हळूच खाली आले होते. त्यांतला एक आमच्या पुतण्याचा, भाईजानच्या धाकट्याचा होता.