लाल क्रॉस डॉक्टरांचा नव्हेच!

“अमेरिकेत बघा, अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करणाऱ्यांना सरकार खास नंबरप्लेट देतं. आणि आपल्याकडे? डॉक्टरानं काचेवर साधा लाल क्रॉस लावला तरी नियम दाखवतात!” थोड्याफार फरकानं ही तक्रार सारखी कानावर येते, आणि करणारा बहुतेक वेळा चांगला शिकलेला असतो. तक्रारीत गैरसमज दोन आहेत. क्रॉसचा जास्त जुना आणि जास्त चिवट, म्हणून आधी तोच घेऊ.

लाल क्रॉस ही डॉक्टरांची खूण नाही. दवाखान्याचीही नाही आणि औषधाच्या दुकानाची तर नाहीच नाही. ती युद्धभूमीवरची संरक्षणाची खूण आहे. १८५९ साली सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक देखभालीवाचून तळमळत पडले होते. ऑन्री द्युनां या जिनिव्हाच्या व्यापाऱ्यानं ते दृश्य पाहिलं आणि पुढे त्याच्या खटपटीतून १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. सैन्यातल्या वैद्यकीय पथकांसाठी एक खूण हवी होती, ती स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून घेतली: पांढऱ्यावर लाल. सैनिकानं ती दुरून ओळखायची आणि बंदूक खाली करायची, एवढंच तिचं काम.

आता कायदा. भारतानं १९६० साली जिनिव्हा करारांसाठी ‘जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट’ केला. त्याचं कलम १२ म्हणतं की केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय कुणीही, कोणत्याही कारणासाठी, ही खूण किंवा हिच्याशी गल्लत होईल अशी खूण वापरू नये. ‘डॉक्टर वगळून’ असं त्यात कुठेही नाही. कलम १३ मध्ये दंड आहे पाचशे रुपयांपर्यंत, शिवाय ज्या मालावर खूण वापरली तो जप्त होऊ शकतो. १९६० चे पाचशे रुपये आजही पाचशेच राहिले, म्हणून कुणी मनावर घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

“अहो, पण अ‍ॅम्ब्युलन्सवर तर असतो की!” असतो, आणि बहुतेक ठिकाणी तोही चुकीचाच असतो. १९४९ साली नव्यानं झालेल्या जिनिव्हा करारांपैकी पहिल्याचं कलम ४४ शांततेच्या काळात अ‍ॅम्ब्युलन्सला ही खूण अपवाद म्हणून देतं. त्यासाठी देशाच्या कायद्याची मुभा हवी, राष्ट्रीय रेड क्रॉस संस्थेची स्पष्ट परवानगी हवी, आणि सेवा निव्वळ मोफत हवी. किलोमीटरमागे भाडं सांगणारी, वर ‘वेटिंग’ वेगळं लावणारी व्हॅन यात कुठे बसते ते तुम्हीच ठरवा.

यावर “एवढ्याशा स्टिकरनं काय बिघडतं?” हा प्रश्न ठरलेला. गाडीच्या सामानाचं कुठलंही दुकान पाहा. ‘आई-बाबांचा आशीर्वाद’च्या शेजारी ‘पोलीस’, ‘प्रेस’, ‘अ‍ॅडव्होकेट’ आणि लाल क्रॉस एकाच तारेला लटकलेले असतात. घेणाऱ्याकडे ओळखपत्र कुणी मागत नाही. मग तो क्रॉस डॉक्टरच्या गाडीवर चढतो, डॉक्टरच्या मेहुण्याच्या गाडीवर चढतो, आणि शेवटी ‘नो पार्किंग’मधल्या एसयूव्हीवर. जी खूण पाहून बंदूक थांबायची, ती पार्किंगची सोय म्हणून वापरली की तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? लढाईच्या मुलखात याची किंमत जखमी माणूस आणि त्याला उचलायला गेलेला माणूस मोजतो.

आणि अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांना एक गंमत माहीत नसते. हाच वाद तिथे होऊन गेला आहे! तिथल्या अ‍ॅम्ब्युलन्सवर नारिंगी क्रॉस असायचा. तो आपल्या खुणेसारखा दिसतो, अशी हरकत अमेरिकन रेड क्रॉसनं १९७३ मध्ये घेतली. मग तिथल्या महामार्ग सुरक्षा खात्यातल्या लिओ श्वार्ट्झ यांनी सहा पाकळ्यांचा निळा तारा तयार केला, ‘स्टार ऑफ लाइफ’. अपघात लक्षात येण्यापासून रुग्ण इस्पितळाच्या हवाली करण्यापर्यंतचे सहा टप्पे म्हणजे त्या सहा पाकळ्या. आपल्याकडच्याही अनेक अ‍ॅम्ब्युलन्सवर तो दिसतो.

आता त्या खास प्लेटांबद्दल. अमेरिकेतली अनेक राज्यं आपत्कालीन वैद्यकीय कर्मचाऱ्यांसाठी अशा प्लेट काढतात, कुठे तसे प्रस्ताव येतात. पण तशाच प्लेट माजी सैनिकांसाठी, विद्यापीठांसाठी, खेळांच्या संघांसाठीही असतात. प्रमाणपत्र दाखवायचं, बऱ्याच ठिकाणी जादा पैसे भरायचे आणि अभिमानानं मिरवायचं. सिग्नल माफ होत नाही की वेगमर्यादा वाढत नाही. कौतुक म्हणून ठीक आहे, माझी हरकत नाही. त्या प्लेटला परवाना समजू नका, इतकंच.

आपल्याकडे रस्त्यावर आधी कोण, हे केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांत लिहिलेलं आहे: अग्निशमन दल, मग अ‍ॅम्ब्युलन्स, मग पोलीस. सर्जनची खासगी गाडी त्यात नाही. अ‍ॅम्ब्युलन्सलाही सिग्नल ओलांडायची मुभा जीव वाचवण्यासारख्या कामावर असताना, सायरन आणि दिवा चालू ठेवून, आणि इतरांना धोका न करता. पेशंट सोडून रिकामी परतणारी अ‍ॅम्ब्युलन्स तुमच्या-आमच्यासारखीच लाल दिव्याला थांबते. सवलत त्या फेरीला असते, आत बसलेल्याच्या पदवीला नसते.

स्टिकरचा प्रयोग मुंबईनं करून पाहिला आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, पोलिसांनी वैद्यकीय सेवेच्या गाड्यांना लाल, भाजीपाला-किराण्याला हिरवा आणि इतर अत्यावश्यक सेवांना पिवळा गोल स्टिकर ठरवून दिला. आठवडाभरातच तो प्रयोग गुंडाळावा लागला.

बाकीचे गैरसमज भराभर. नंबरप्लेटवर ‘डॉक्टर’ लिहिता येतं: नाही, तिथे नोंदणी क्रमांकाशिवाय आपलं काहीही लिहायचं नाही. मोठ्या डॉक्टरला किंवा अधिष्ठात्याला गाडीवर दिवा चालतो: १ मे २०१७ पासून मंत्र्यांचेही लाल दिवे उतरले, तुमचं काय घेऊन बसलात! दोन सापांची काठी ही वैद्यकाची मूळ खूण: ग्रीकांच्या वैद्यदेवाच्या काठीला साप एकच, दोनवाली काठी व्यापार आणि निरोप्यांच्या देवाची. अ‍ॅम्ब्युलन्सला वाट देणं हा मोठेपणा: नाही, वाट अडवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

महाराष्ट्रात १०८ ही अ‍ॅम्ब्युलन्स सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तिच्यातले डॉक्टर आणि पायलट, म्हणजे चालक, ड्युटी संपली की साध्या प्लेटच्या दुचाकीवर घरी जातात, सिग्नलला थांबतात. त्यांना वाट हवी असते ती १०८ च्या गाडीत असताना. तेव्हा डॉक्टरसाहेब, काचेवरचा क्रॉस आजच खरवडून काढा. आणि बाकीच्यांनी, मागून सायरन ऐकू आला की डावीकडे व्हा. अ‍ॅम्ब्युलन्स पुढे गेल्यावर तिच्या शेपटीला लागून आपली गाडी मात्र दामटू नका.